लोरिसचा मागे राहिलेला कान

लोमुरियाने गोऱ्ह्याकडे एकदाच पाहिलं आणि पाठ फिरवली.

"ज्यानं ह्याला आणलं, त्यानंच परत नेऊन सोडावं," तो म्हणाला. बोलला कुंपणाच्या खांबाशी, पण ऐकायचं होतं डॉक्टरबाईंनी.

डॉक्टर कबाहुमा माझ्याकडे बघायला लागल्या. गुरांच्या संशोधन केंद्राची गाडी हाकायची आणि वर दोन्हीकडची भाषाही हाकायची, हे माझं काम. दुभाष्याला दोन्ही बाजूंचं थोडंथोडं गिळावं लागतं. नाहीतर जगात रोज भाले निघतील. मी म्हटलं, बाबांना गोऱ्हा फार आवडला, पण त्यांना ऊन लागतंय.

"मग सूर्याकडे तोंड करून का उभे आहेत?" बाईंनी विचारलं.

बाई तोरो मुलखातल्या. लांब शिंगांच्या गाईंमध्ये रांगलेली बाई. तिला फसवायचं तर सकाळपासून तयारी करावी लागते, आणि मी तयारी केली नव्हती. म्हणून खरं ते सांगितलं: भाला घातलेल्या बैलाकडे त्याचा धनी पुन्हा बघत नाही. पाठ करून उभा राहतो.

"ह्याला कुणी भाला घातला? हा तर परवा जन्मला."

समोरच्या गोठ्यात एक काळी गाय उभी होती. तिच्या पोटाखाली लटपटत उभा असलेला गोऱ्हा मात्र पांढरा होता आणि त्याच्या अंगभर बिबट्याच्या कातडीवर असतात तशी काळी कडी. डाव्या फऱ्यावर तीन कडी एकात एक अडकलेली. ती मी ओळखत होतो. कदाम डोंगराच्या पायथ्याचं पोरसोर ओळखत होतं. त्याच कड्यांचं कातडं लोमुरियाच्या घरात भिंतीला टांगलेलं होतं.

आता हे नीट सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, अचिया म्हातारा ज्वारीची दारू जास्त प्यायला. प्यायलो असेन, पण त्या दिवशी नाही.

आमच्यात पुरुषाला दोन नावं. एक आई देते, दुसरं बैल देतो. आईनं दिलेलं नाव कुणीही हाक मारायला वापरतं. बैलानं दिलेलं नाव मिळालं की मग माणूस माणसांत बसतो. लोमुरियाला तरुणपणी एक खोंड मिळाला, बिबट्याच्या अंगाचा. त्याचं नाव लोरिस, आणि लोमुरिया झाला अपालोरिस, लोरिसचा बाप. त्यानं खोंडाला खच्ची केलं, गळ्यात लोखंडी घंटा बांधली, त्याच्यावर गाणं रचलं. शिंगं कोवळी होती तेव्हा त्यांच्या मुळाशी दगडानं हळूहळू ठोकून ती वळवली. डावं पुढे, डोळ्यावर आलेलं. उजवं मागे, मानेकडे गेलेलं. असं करायला हात लागतो आणि बैलाचा विश्वास लागतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून मला बैल मिळाला नाही. मी गाडी चालवत राहिलो आणि लोक मला गाडीचा बाप म्हणायला लागले. गाडीचा गिअर मोडला त्या साली चार बायका माझ्याकडे समाचाराला येऊन गेल्या. चारही हसत होत्या.

मग गोचिडांच्या तापाचं साल आलं. कुंपणंच्या कुंपणं रिकामी झाली. गाई उभ्याउभ्या धापा टाकायच्या, तोंडाला फेस यायचा, आणि बसल्या की संपलं. लोमुरियाचा सगळा कळप गेला. दूध आटलं, आणि दुधामागोमाग त्याची धाकटी मुलगीही गेली. मेलेल्या जनावरांच्या मधोमध फक्त लोरिस उभा होता, निवांत रवंथ करत.

तेव्हा डॉक्टर कबाहुमा तरुण होत्या, केंद्रात नुकत्या आलेल्या. त्यांनी लोरिसचं रक्त घेतलं, काचेखाली पाहिलं आणि पळत आल्या. ह्या जनावराच्या अंगात ताप जातो आणि तिथेच मरतो, म्हणाल्या. ह्याची वासरं पाहिजेत. जितकी मिळतील तितकी.

मी ते लोमुरियाला सांगितलं. तो बाईंकडे बघून म्हणाला, "पोरीला कुणी सांगितलं नाही का, बैल म्हणजे काय ते?"

बाई वाकल्या. बैलाच्या मागच्या पायांमध्ये पाहिलं. मग तिथेच शेणात बसल्या. सगळ्या मुलखात एकच जनावर असं, आणि ते नेमकं बडवलेलं. पण आमच्यात दुसरं काय होणार? सगळ्यात देखणा, सगळ्यात शहाणा खोंड निवडायचा आणि त्याचाच बैल करायचा, ही तर रीत. वीर्य राहतं ते राहिल्यासाहिल्यांचं.

शेवटी बाईंनी लोरिसच्या कानाचा नखाएवढा तुकडा कापून घेतला. कान आमच्या बैलांचे कातरलेलेच असतात, खुणेसाठी. त्यात आणखी एक खाच. तुकडा गार धुराच्या टाकीत गेला. झाकण उघडलं की त्या टाकीतून पांढरा धूर जमिनीवर सांडायचा आणि पायांभोवती फिरायचा. लोमुरियानं विचारलं, तो तिथे काय करणार? बाई हसून म्हणाल्या, "झोपणार, बाबा. लागला की उठवू."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. तोवर एवढं एकच वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, आणि तेच नेमकं गिळायला हवं होतं.

वर्षं गेली. कळप पुन्हा उभे राहिले, उसनवारीनं, सोयरिकीनं. लोमुरियाला केंद्रानं गुराख्याचं काम दिलं होतं. त्यात तो म्हातारा झाला. लोरिसही म्हातारा झाला. मग रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी राईत जमून लोरिसला भाला घातला. म्हाताऱ्या माणसाचा बैल त्याच्या आधी जातो. पलीकडे जायची नदी असते, तिचा उतार माणसाला सापडत नाही, बैलाला सापडतो. बैल पुढे, गळ्यात घंटा. माणूस आवाजाच्या मागे. म्हणून भाला घालायच्या आधी थोरला विचारतो, बैल पुरा आहे का? त्या दिवशी लोकुबल आजोबांनी विचारलं. शिंगं, खूर, शेपूट, सगळं हात लावून पाहिलं. लोमुरिया पाठ करून उभा होता. "पुरा आहे," तो म्हणाला.

टाकीची आठवण कुणालाच झाली नाही. मलाही नाही. वर्षं झाली होती, आणि कानाच्या खाचा कोण मोजतं?

त्या दिवसापासून लोमुरिया सुखात होता. काम सोडलं. कातडं भिंतीवर, घंटा खुंटीवर, तिची जीभ गवत कोंबून गप्प केलेली. सावलीत लाकडी तिवईवर डोकं ठेवून पडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, माझा माणूस पुढे गेलाय, आता मला घाई नाही. त्याची बायको नाकोल म्हणायची, घाई नसलेला माणूस फार खातो.

आणि मग मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत बाईंनी त्या तुकड्यातून अख्खा लोरिस उठवला. एका काळ्या गाईच्या पोटात ठेवला. जन्मला, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी आठवण कुणाची झाली? लोमुरियाची. भल्या मनानं मला गाडी घेऊन पाठवलं.

परतीच्या वाटेवर लोमुरिया गाडीत माझ्याशेजारी बसला होता. वस्ती जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाला, "अचिया, मी पुरा आहे म्हणालो."

"होताच की."

"कान राहिला होता. अपुरा बैल नदी कशी ओलांडणार? तो अर्ध्यातनं फिरला असणार."

मी हसलो. हसायला नको होतं, पण माझी सवय.

महिन्याभरात लोमुरियानं अंथरूण धरलं. खोकला आणि अंगात कणकण. नाकोलनं ज्वारी आंबवायला घातली, कारण पुरायला माणसं येतात त्यांना काहीतरी प्यायला लागतं. माणसं आली, बसली, प्यायली. लोमुरिया श्वास सोडायचा, सगळे माना खाली घालायचे, आणि तो पुन्हा श्वास घ्यायचा. माणसं अवघडून घरी गेली. पुढल्या चंद्राला पुन्हा तेच. नाकोलनं पुन्हा ज्वारी आंबवली.

मी भेटायला गेलो तेव्हा ती दारातच भेटली. "जाऊन सांग तुझ्या मित्राला," म्हणाली, "एक तर जा म्हणावं, नाहीतर ऊठ. माझी ज्वारी संपली. पाव्हण्यांना वाटायला लागलंय इथे दर महिन्याला लग्न असतं."

तोंडानं असं बोलत होती, पण हातातली केरसुणी काही सोडत नव्हती. मला आत बोलावलं आणि जमिनीवरचा कचरा दाखवला. वाळू होती. बारीक, काळी, ओली. आमच्या नदीची वाळू तांबडी आणि वर्षातले दहा महिने सुकी खडखडीत. आणि लोमुरिया तर अंथरुणावरून उठलाच नव्हता. ती म्हणाली, तो असा गेल्यासारखा होऊन परत आला की त्याच्या पायांच्या बोटांत ही वाळू असते. मी झाडून बाहेर टाकते. बाहेर टाकली की दिसत नाही.

मी लोमुरियाशेजारी बसलो. तो म्हणाला, नदीपर्यंत नीट जातो. पलीकडे आपली माणसं आगटीभोवती बसलेली दिसतात. त्याची धाकटी दिसते, पाण्याच्या कडेला उभी. पण पाणी काळं आहे, तळ दिसत नाही, आणि पुढे कुणी नाही. घंटा वाजत नाही. उभा राहून राहून पाय गार पडतात, मग परत येतो.

"मग दुसरीकडून उतर की," मी म्हटलं. "मी पुलावरनं गाडी घालतो तसा."

"गाडीच्या बापाला तेवढंच सुचणार," तो म्हणाला. हसला मात्र.

निघताना माझं लक्ष भिंतीवरच्या कातड्याकडे गेलं. त्यावरची कडी फिकी दिसत होती. धूर लागला असेल, असं मी मनाशी म्हटलं. धुरानं कातडं काळं पडतं, पांढरं पडत नाही, हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

इकडे केंद्रात गोऱ्हा वाढत होता. त्याच्यासाठी दुहेरी जाळीचं घर बांधलं होतं, एकही गोचीड आत जाऊ नये म्हणून. किल्ली बाईंच्या गळ्यात. ह्या वेळी कुणी शिंगांना दगड लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, आणि हे सांगताना नेमकं माझ्याकडे पाहिलं होतं. गोऱ्हा दुपारपर्यंत चरायचा. ऊन डोक्यावर आलं, वारा पडला, की तोंडातला घास तसाच ठेवून लोमुरियाच्या वस्तीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याची सावली पायाखाली गोळा झालेली असायची. इतका स्तब्ध, की अंगावर माशाही बसत नसत.

मग शिंगं फुटली. आधी सरळच. वर्ष उलटलं तसं डावं पुढे झुकायला लागलं, आणि उजवं मागे.

बाईंनी मला बोलावलं. टेबलावर लोरिसचा जुना फोटो होता.

"काका, खरं सांगा. कोण येतं इथे?"

मी म्हटलं, बाई, किल्ली तुमच्या गळ्यात, जाळी दुहेरी, आणि मला स्वतःच्या गाडीचा आरसा सरळ करता येत नाही, शिंग काय वाकवणार. त्यांनी पहारा बसवला. पहारेकरी दुपारी जाळीकडे पाठ करून बसायला लागला. विचारलं तर म्हणाला, बघवत नाही. मग बाई स्वतः दिवसभर तिथे बसल्या. कुणी आलं नाही. शिंगं आपली वळत राहिली.

"रंग रक्तातून येतो, काका," त्या मला म्हणाल्या, अगदी हळू. "ताप पचवायची ताकद रक्तातून येते. शिंगं मारून वाकवलेली होती. आम्ही लोरिसचं रक्त आणलं. लोमुरियाबाबांचा दगड नाही आणला."

मी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिलो.

त्या सुमाराला डोंगरापलीकडून बातम्या येऊ लागल्या. ताप पुन्हा आला होता. बाईंना आता थांबता येईना. गोऱ्हा टिकतो की नाही हे पाहायलाच हवं होतं. टिकला तर त्याचं वीर्य गावोगाव द्यायचं. त्यांनी त्याच्या कानाला कापडाची पिशवी बांधली आणि तिच्यात तापाचे गोचीड सोडले.

गोऱ्ह्यानं खाणं सोडलं. दिवसभर वस्तीकडे तोंड करून उभा राहायला लागला, बरगड्या दिसायला लागल्या. बाई सकाळ-संध्याकाळ रक्त घेऊन काचेखाली बघायच्या. आणि गंमत अशी, की रक्त स्वच्छ होतं. तापाचा मागमूस नव्हता.

त्याच दिवसांत मी लोमुरियाकडे गेलो तर वर्षभर अंथरुणाला खिळलेला तो उठून बसलेला. चेहरा खुललेला. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, पण डोळे पोरासारखे.

"अचिया, कालपासून घंटा ऐकू येतेय," तो म्हणाला. "लांबून. पण येतेय. फिरलाय तो. पाण्याकडे निघालाय."

खुंटीवरची घंटा गवत कोंबलेली, तशीच गप्प होती.

मी परत येऊन बाईंना हे सांगितलं. का सांगितलं, मला माहीत नाही. गिळणं माझं काम होतं. बाईंनी काच बाजूला ठेवली, बराच वेळ हात धूत राहिल्या आणि मग म्हणाल्या, मला त्यांच्याकडे घेऊन चला.

लोमुरियाच्या दारापुढे सावलीत लोकुबल आजोबा आधीच बसले होते. ते अशा वेळी आपोआप येतात. बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, आमच्या बायका बसतात तशा, पाय एका बाजूला घेऊन. लोमुरियाला नाकोलनं आणून भिंतीला टेकवून बसवलं.

बाई म्हणाल्या, "बाबा, तो रोगानं मरत नाहीये. रोग तर त्यानं कधीच जिंकला. तो निघून चाललाय. मी काही करू शकत नाही. तुम्ही थांब म्हणालात तर कदाचित थांबेल."

मी सांगितलं. एक अक्षर गिळलं नाही.

लोकुबल आजोबा बोलले. बैल ज्याचा, वाट त्याची. माणसाची वाट मागायची नसते. पोरीला कळत नाही म्हणून आम्ही रागावत नाही, पण तिनं आता उठावं.

बाई उठल्या नाहीत. मान खाली घालून म्हणाल्या, मला कळतं म्हणूनच मी खाली बसलेय.

उन्हात एक शेळी ठसकत होती.

"पोरी, तो राहिला तर कुणाच्या गाई उभ्या राहतील?" लोमुरियानं विचारलं.

"सगळ्यांच्या नाही. ज्या गाईंना त्याची वासरं होतील, ती वासरं उभी राहतील. मग त्यांची वासरं."

"आणि दूध?"

"दूध राहील."

लोमुरियानं नाकोलकडे पाहिलं. नाकोल चुलीतल्या राखेवर काडीनं काहीतरी ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही. तापाच्या सालात धाकटीच्या तोंडात तिनं ज्वारीचं पाणी घातलं होतं, दूध म्हणून. मुलगी फसली नव्हती.

"ती तिकडे एकटीच उभी असते गं, पाण्याशी," लोमुरिया तिला म्हणाला.

"मग जा की तिच्याकडे," नाकोल म्हणाली. "पण हात हलवत जाऊ नको. इकडे दूध ठेवून आलो, असं तिला सांगता आलं पाहिजे."

लोकुबल आजोबा उठले आणि वाटेतून बाजूला झाले.

लोमुरियाला आम्ही उचलून गाडीत बसवलं. त्यानं खुंटीवरची घंटा मागितली, ती मांडीवर धरली. वाटेत म्हणाला, "हळू चालव. मरणाऱ्या माणसाची हाडं मोडली तर तुझी गाडी बदनाम होईल." मी म्हटलं, आधीच बदनाम आहे.

भर दुपार होती. वारा पडलेला. जाळीघराचं दार बाईंनी उघडलं. लोमुरिया माझ्या खांद्यावर भार देऊन आत गेला, आणि मी ते पाहिलंय म्हणून सांगतो: त्यानं पाठ केली नाही. तो गोऱ्ह्याच्या समोर गेला आणि त्याच्या डोळ्यांत बघायला लागला. भाला घातलेल्या बैलाकडे.

गोऱ्हा हलला नाही. लोमुरियानं पुढच्या शिंगाच्या मुळाशी अंगठा ठेवला. तिथे शिंगावर एक खळगा होता, त्या अंगठ्याएवढाच. अंगठा त्यात बसला.

"लोरिस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा. "मी तुला पुरा म्हणालो आणि अपुरा पाठवलं. तू परत आलास, ती तुझी चूक नाही. पण आता जाऊ नको. इथे तुझं काम निघालंय. माझ्यासाठी वाट बघत उभा राहू नको, आणि माझ्यापुढे चालूही नको. तुझं नाव तुझ्यापाशी ठेव. मी ते खाली ठेवतो. मी लोमुरिया. माझ्या आईनं मला लोमुरिया म्हटलं, तेवढं मला पुरे."

मग त्यानं गाणं म्हटलं. तरुणपणी रचलेलं, सगळ्या मुलखाला पाठ असलेलं. फक्त शेवटी, जिथे 'मी लोरिसचा बाप' असं यायचं, तिथे तो थांबला आणि ती जागा तशीच रिकामी सोडली. त्या रिकाम्या जागेत जाळीवर एक माशी आपटत असलेली ऐकू आली.

गोऱ्ह्यानं नाकातून जोरात हवा सोडली. अंगावरून एक शहारा गेला, वशिंडापासून शेपटीपर्यंत, आणि त्याच्या अंगावर माशा बसल्या. त्यानं शेपटीनं त्या उडवल्या. मग खाली वाकून गवतात तोंड घातलं.

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या लोमुरियाकडे पाठ करून उभ्या होत्या. कुणी शिकवलं नव्हतं.

लोमुरिया दुसऱ्या दिवशी सकाळी, गाई सोडायच्या वेळी गेला. ह्या खेपेला श्वास परत आला नाही. नाकोल म्हणाली, जायच्या आधी त्यानं तिला एक गोष्ट सांगितली होती, आणि पुरताना ती गोष्ट तिनं केली.

कुंपणाच्या आत, शेणाच्या थराखाली खड्डा काढला होता. भिंतीवरचं कातडं काढून आणलं, त्याला गुंडाळायला. कातडं पसरलं आणि माणसं मागे सरली. त्यावर एकही कडं नव्हतं. सबंध पांढरं, दुधाच्या सायीसारखं. लोकुबल आजोबांनी ते हातानं चाचपून पाहिलं आणि लोमुरियावर घातलं. तेव्हा नाकोल पुढे झाली. हातात घंटा होती. तिनं बोटानं आतलं गवत उकरून काढलं, घंटेची जीभ मोकळी केली, आणि चामड्याचा पट्टा लोमुरियाच्या गळ्यात बांधायला लागली.

"नाकोल," लोकुबल आजोबा म्हणाले, "घंटा बैलाच्या गळ्यात असते. माणसाच्या नाही."

"पुढे चालणाऱ्याच्या गळ्यात असते," ती गाठ मारत म्हणाली. "आज पुढे कोण चाललंय?"

तिनं ज्वारी तिसऱ्यांदा आंबवली होती. त्या दिवशी प्यायलो तेव्हा कुणी थट्टा केली नाही.

ताप डोंगराच्या अलीकडे आला. गाई मेल्या, खोटं कशाला सांगू, पुष्कळ मेल्या. पण पुढल्या वर्षीपासून बिबट्याच्या अंगाची वासरं दिसायला लागली. मी स्वतः गाडीतून वीर्याच्या नळ्या वस्त्यावस्त्यांवर पोचवल्या. म्हणून माझंच नाव वासरांना द्यावं असं मी सुचवून पाहिलं, पण नाकोलनं मला मुसळ दाखवलं. वासरांची शिंगं सरळ येतात. त्यांना वाकवायची तर दगड घ्यावा लागतो.

लोरिस अजून जाळीघरात आहे. दांडगा झालाय, खातो, माजतो, पहारेकऱ्याला शिंगावर घेतो. दुपारी वारा पडला की मात्र कधीकधी मान वर करतो आणि नदीकडे कान वळवतो. अशा वेळी मी जवळपास असलो तर गाडी बंद करतो. लांबून, सुक्या वाळूकडून घंटा ऐकू येते. बैलाची वाजते तशी एकसारखी नाही. थोडी वाजते, थांबते. कुणीतरी अनोळखी पाण्यात पायानं तळ चाचपडत असावं, इतका वेळ थांबते. मग पुन्हा वाजते, जरा पुढून.

लोरिस तेवढं ऐकून घेतो आणि पुन्हा गवतात तोंड घालतो.